तीन वर्षांच्या डॉक्टरचं गाव

पार्सिपनीहून किंवा रेडमंडहून अधूनमधून कुणाचा तरी फोन येतो आणि प्रश्न ठरलेला असतो. "लाँग वीकेंडला लुइझियानाला येतोय, काय काय बघायचं?" त्यांच्या डोक्यात न्यू ऑर्लिन्स असतं. लोखंडी नक्षीच्या बाल्कन्या, त्यांना लटकलेल्या मण्यांच्या माळा, रस्त्यावरचा जॅझ, पिठीसाखरेत बुडवलेले गरम बेन्ये. मी म्हणतो, ते सगळं बघाच, पण ते काही आमचं लुइझियाना नव्हे. विमानतळावर गाडी घ्या, पश्चिमेकडे निघा, दलदलीवरचा तो संपता न संपणारा पूल ओलांडा, लफायेट मागे टाका, आणि जमीन परातीसारखी सपाट होऊन दोन्ही बाजूंना पाणी भरलेली भाताची खाचरं दिसायला लागली की गाडी हळू करा. समोरचा विचारतो, "तिथे काय आहे?" मी म्हणतो, "आम्ही आहोत." त्यावर बहुतेक लोक न्यू ऑर्लिन्सचं हॉटेल बुक करतात.

गावाचं नाव मी सांगणार नाही. बायको तिथली डॉक्टर आहे, गाव एवढंसं आहे, आणि नाव सांगितलं की कुठला पेशंट कोण हे शोधायला गुगलचीही गरज पडायची नाही.

मी नागपूरचा. सॉफ्टवेअरवाला. रेडमंडला पावसात भिजत बस पकडायचो तेव्हा बायको शिकागोत रेसिडेन्सी करत होती. महिन्यातून एकदा मी तिच्याकडे जायचो, डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी बाजारात पार्किंग शोधण्यात अर्धा दिवस घालवायचो, तिचं पोह्यांचं आणि तांदळाचं सामान भरून द्यायचो आणि परत. लग्न झालेलं, पण संसार विमानात. मग तिचं शिक्षण संपलं. इथे शिकायला आलेल्या परदेशी डॉक्टरला एक तर मायदेशी परतावं लागतं, नाहीतर जिथे कुणी डॉक्टर जायला तयार नसतो अशा भागात तीन वर्षं काम करावं लागतं. तिला हे गाव मिळालं. पदरी पडलं पवित्र झालं म्हणत आम्ही आलो. माझ्या कंपनीने घरून काम करायची परवानगी दिली, आणि आमचा संसार एकदाचा जमिनीवर आला.

पहिल्यांदा गाव बघायला आलो तेव्हा ती वाटेत म्हणाली, "अरे, थांबव, गाडी थांबव." मला वाटलं हिला मळमळतंय. ती उतरली आणि बांधावर जाऊन उभी राहिली. ती रत्नागिरीकडच्या खाडीकाठच्या गावातली. सात समुद्र ओलांडून यावं आणि समोर भाताचं खाचर दिसावं, याला काय म्हणायचं? मग ती म्हणाली, "पण यात पिंजरे कसले ठेवलेत?"

ते क्रॉफिशचे पिंजरे होते. भात कापून झाला की त्याच खाचरात पाणी सोडून हे लोक क्रॉफिश वाढवतात. क्रॉफिश म्हणजे कोळंबीने खेकड्याचं घर बळकावावं तसा प्राणी. हिवाळ्याअखेर त्याचा हंगाम सुरू होतो. मोठ्या हंड्यात तिखट पाण्यात उकडतात, टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यावर ओततात, शेपटी सोलून खातात आणि डोकं चोखतात. पार्सिपनीचे पाहुणे डोकं चोखताना एकमेकांकडे बघत बसतात. बायकोला कुणी शिकवावं लागलं नाही. तिच्यासमोरचा ढीग बघून क्लिनिकच्या नर्सने टाळ्या वाजवल्या होत्या.

चौकशी हा माझा जन्मजात रोग आहे. ही माणसं कोण, कुठली, यांचं इंग्रजी असं का, आडनावं अशी का? हळूहळू कळत गेलं. शेकडो वर्षांपूर्वी कॅनडात राहणाऱ्या फ्रेंच शेतकऱ्यांना इंग्रजांनी घरादारातून हाकललं. त्यांतले बरेच फिरत फिरत इथे आले. ते केजन. त्यांच्या आधीपासून इथले मूळ रहिवासी होतेच. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेली माणसं होती. स्पॅनिश येऊन गेले, जर्मन येऊन राहिले. यांच्या सरमिसळीतून फ्रेंच बोलणारे, पण केजन नसलेले क्रिओल झाले. समुद्राकडे गेलं की कोळंबीच्या बोटींवर व्हिएतनामी भेटतात. पर्यटनाच्या पत्रकांत हे सगळं सांगून झालं की शेवटी छापलेलं असतं, जसा गंबो तशी आमची संस्कृती. मला त्या वाक्याचा वीट आलाय. गंबो काय ते करून बघावं लागतं.

मला तो शेजारच्या मावशींनी शिकवला. मावशी म्हणजे सत्तरी ओलांडलेल्या क्रिओल बाई, एकट्या राहणाऱ्या, काळ्यासावळ्या, ताठ, दिवसभर रेडिओवर झायडेकोची गाणी लावून कोंबड्यांशी फ्रेंचमध्ये भांडणाऱ्या. एकदा माझ्या तोंडून चुकून "मावशी" निघालं. त्यांनी अर्थ विचारला, मी सांगितला. आईची बहीण म्हटल्यावर त्यांनी ते नाव लावून घेतलं आणि तेव्हापासून आम्हाला हक्काने रागवायला सुरुवात केली. गंबोसाठी आधी पीठ तेलात भाजायचं. मी आपला बेसनाच्या लाडवाच्या हिशोबाने हलवत होतो. खमंग वास सुटला, रंग सोनेरी आला, मी गॅस बंद केला. मावशींनी तो पुन्हा लावला. "हा तर आत्ता कुठे झोपेतून उठलाय," म्हणाल्या. मग सोनेरीचा तपकिरी झाला, तपकिरीचा चॉकलेटी, आणि माझ्या आजीने मला ज्या क्षणी लाटण्याने मारलं असतं त्या क्षणी मावशी म्हणाल्या, "आता कांदा टाक." त्यात पुढे भेंडी पडते. भेंडी आफ्रिकेतून आली, वर भुरभुरायची झाडपाल्याची पूड मूळ रहिवाशांची. आमच्याकडे नुसत्या चिकनचा गंबो शिजतो, कारण इथे त्यात घालतात ते डुकराचं सॉसेज बायको खात नाही. मी सगळं खातो, पण ते तिच्यासमोर बोलत नाही.

तर, राहायला गाव असं. आणि मला ते आवडलं होतं. नुसतं आवडलं नव्हतं, मी त्याच्यात रुतलो होतो. पण तिसरं वर्ष संपत आलं होतं.

या गावात आमच्याआधी असेच डॉक्टर येऊन गेले होते. एक पाकिस्तानी, एक नायजेरियन, एक कुठले तरी. प्रत्येक जण तीन वर्षं राहिला, चांगलं काम केलं आणि करार संपल्यावर मोठ्या शहरात निघून गेला. गावाने त्यांना नावच ठेवलं होतं, तीन वर्षांचे डॉक्टर. मावशींनी हे मला अगदी सहज सांगितलं, ऋतू सांगावेत तसं. त्यात राग नव्हता. लोक बायकोला अंडी आणून देत, संत्री देत, भेंडीच्या पिशव्या दारात ठेवून जात. पण जानेवारीत एक म्हातारी बाई केक घेऊन आली आणि म्हणाली, "तुम्ही निघण्याआधी पुन्हा भेट होते न होते." निघायला अजून जूनपर्यंत अवकाश होता. बायको त्या दिवशी घरी आली ती केक टेबलावर आपटून सोफ्यावर बसली.

"मी अजून इथे आहे, आणि हे लोक मला निरोप देऊन मोकळे झाले यार," ती म्हणाली. "कुणी एकदा तरी विचारावं ना, राहणार का म्हणून?"

मी उठून केक झाकून ठेवला. मी मत द्यायचं नाही, असं आमचं ठरलं होतं. पार्सिपनीला तिची ताई आहे, ताईचा नवरा, मुलं, आसपास निम्मं पुणं. तिथल्या एका मोठ्या ग्रुप प्रॅक्टिसमध्ये ताईने तिच्यासाठी जागा बघून ठेवली होती. इकडचं क्लिनिकही करार वाढवायला तयार होतं. दोघांना उत्तर द्यायचं होतं मार्डी ग्रा या इथल्या सणानंतरच्या आठवड्यात. इतकी वर्षं ती दुसऱ्यांनी ठरवलेल्या ठिकाणी गेली होती. परीक्षेने ठरवलं, व्हिसाने ठरवलं. म्हणून मी शब्द दिला होता की या वेळी तू ठरव, मी एक अक्षर बोलणार नाही. नागपूरच्या माणसाने गप्प बसायचा शब्द देणं म्हणजे मांजराने दुधाची राखण करण्यासारखं आहे, पण मी पाळत होतो. तिने पार्सिपनी म्हटलं असतं तर मी हसत सामान बांधलं असतं आणि मग कुठल्या तरी टाउनहाउसच्या गराजमध्ये बसून रडलो असतो.

अशात मार्डी ग्रा आला.

आमच्या भागातला मार्डी ग्रा म्हणजे मण्यांच्या माळा फेकणारे रथ नव्हेत. इथे त्याला कूरीर म्हणतात, म्हणजे धावणं. ईस्टरआधीचा मोठा उपास सुरू व्हायच्या आदल्या दिवशी गावातली माणसं सोंगं घेऊन घोड्यांवर आणि ट्रेलरवर बसून शेताशेतातून निघतात. अंगावर चिंध्यांच्या झालरी शिवलेले कपडे, डोक्यावर टोकदार टोप्या, तोंडावर बारीक जाळीचे रंगवलेले मुखवटे. घरोघरी जायचं, गाणं म्हणायचं, नाचायचं, हात पसरून मागायचं. तांदूळ, कांदे, मसाला, काहीही. आणि सगळ्यांत मानाचं दान म्हणजे जिवंत कोंबडी. यजमान ती मोकळी सोडतो आणि ही सोंगं चिखलातून तिच्यामागे धावतात. संध्याकाळी जमलेल्या सगळ्याचा गावाला गंबो. त्या दिवशी त्या सोंगांना स्वतःचं नाव नसतं. प्रत्येक जण नुसता "मार्डी ग्रा". आवाजही बदलून बोलायचं. ओळखलं तरी ओळख दाखवायची नाही, हा नियम.

मुखवटा नसतो तो एकट्या कॅपितेनला. तो त्यांचा नायक. दारू पीत नाही, हातात दोरखंडाचा चाबूक आणि पांढरं निशाण. प्रत्येक घरी आधी तो एकटा पुढे जातो आणि विचारतो, मार्डी ग्राला घरात घेणार का? हो म्हटलं तर निशाण हलवतो आणि मग टोळी आत शिरते. नाही म्हटलं तर मुकाट पुढे.

मी हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा बायको भांडं विसळता विसळता थांबली.

"हा शिमगा आहे," ती म्हणाली.

"शिमगा काय? होळी ना?"

"तुम्हा नागपूरकरांना नाही कळायचं." तिने सांगितलं, फाल्गुनात देवाची पालखी घरोघर येते. सोंगं येतात, खेळे नाचतात, घरातून तांदूळ-नारळ देतात. पालखी दाराशी आली की भोयांच्या पायांवर पाणी घालायचं. मुंबईत कुठेही नोकरीला असलेला माणूस त्या दिवशी घरी येतो. ती शेवटची गेली होती त्याला बरीच वर्षं झाली होती. बाहेर गेलं आणि व्हिसाचं स्टॅम्पिंग अडकलं तर क्लिनिक बंद पडेल, म्हणून ती गेलीच नव्हती. "पालखी येते आणि आमच्या दारात आई एकटीच उभी असते," एवढं बोलून तिने नळ मोठा सोडला.

पहिली दोन वर्षं टोळी आमच्या फाटकावरून तशीच पुढे गेली. मला फार लागलं ते. मावशींना विचारलं तर म्हणाल्या, "तुम्ही कॅपितेनला सांगितलंय का, आमचं दार उघडं आहे म्हणून? न सांगता कसा येईल तो? आणि तीन वर्षांच्या डॉक्टरकडे कुणी मागायला जात नाही, शा. पाहुण्याकडे कोण मागतं?"

शा म्हणजे इथलं लाडाचं संबोधन. पण ते शेवटचं वाक्य माझ्या मनात बसलं. कॅपितेन म्हणजे कोपऱ्यावरच्या मटणाच्या दुकानाचा मालक. मी शनिवारी त्याच्याकडे जातोच. या वेळी काउंटरवर वाकून सांगितलं, आमचं दार उघडं आहे. त्याने सुरी खाली ठेवली. "डॉकला विचारलंय?" म्हणाला. मी म्हटलं हो. नव्हतं विचारलं.

घरी सांगितल्यावर व्हायचा तो शिमगा झाला. "वर्षातून एक सुट्टी मिळते, तीत मला झोपायचं होतं. आणि घरात एवढी मोठी गोष्ट ठरायची असताना तुला सोंगं काय सुचून राहिली?" माझ्या नागपुरी बोलण्याची ती अशी सूड घेऊन नक्कल करते. मग तिने विचारलं, "देणार काय आहेस त्यांना?"

मी अभिमानाने फ्रिज उघडला. कोंबडी आणून, साफ करून, तुकडे करून, हळद, आलं-लसूण आणि दह्यात मुरवत ठेवली होती. थेट गंबोत टाकायची सोय. ते बघायला मावशी आल्या. डबा उघडून वास घेतला, मला म्हणाल्या, "छान आहे. आता हिच्यामागे धावून दाखव." आणि इतक्या हसल्या की त्यांना खुर्ची द्यावी लागली. बायकोही हसली. त्या महिन्यात ती प्रथमच अशी हसली असेल. मुरवलेली कोंबडी आम्ही रात्री खाल्ली. जिवंत कोंबडी मावशींनी कबूल केली, त्यांच्याशी सर्वांत जास्त भांडणारी.

मार्डी ग्राच्या दिवशी सकाळपासून ढग होते, अंगणात चिखल. मावशी कोंबडी बगलेत धरून व्हरांड्यात बसल्या होत्या. दुरून आधी अकॉर्डियन ऐकू आलं, मग घोडे दिसले. फाटकाबाहेर टोळी थांबली. कॅपितेन एकटा घोडा चालवत आत आला आणि हॅट काढून बायकोला म्हणाला, "डॉक, मार्डी ग्राला घरात घेणार का?"

मी मागे वळून बघितलं. ती आता दारात नव्हती. त्याने विचारल्याबरोबर वळून आत गेली होती. आता माझ्यावरचा राग ही सगळ्या गावावर काढते की काय? तेवढ्यात ती बाहेर आली. पायजमा आणि क्लिनिकचं जाकीट, हातात देवघरातलं ताम्हण, त्यात निरांजन आणि हळदकुंकू, दुसऱ्या हातात तांब्या.

"घेणार," ती म्हणाली. "उतरा खाली."

कॅपितेन उतरला. तिने त्याला ओवाळलं, कुंकू लावलं आणि तांब्यातलं पाणी सरळ त्याच्या बुटांवर ओतलं. तो खाली बघत राहिला. इथल्या माणसाच्या बुटांवर पाणी ओतलं की काय होतं ते मला माहीत नव्हतं, आणि मला त्या क्षणी ते जाणूनही घ्यायचं नव्हतं.

"हे कशासाठी, डॉक?" त्याने विचारलं.

"आमच्या गावी याच दिवसांत देव घरी येतो. त्याला उचलून आणणाऱ्यांच्या पायांवर पाणी घालतात. फार लांबून चालत आलेले असतात म्हणून."

"आम्ही देव नाही आणलेला, मॅडम. आणलेत ते भलतेच आहेत."

"असू दे."

त्याने निशाण हलवलं. टोळी आरोळ्या ठोकत आत शिरली. आणि सोंगंच ती, आजचा दिवसच खोड्यांचा! कॅपितेनच्या बुटांवर पाणी पडताना त्यांनी बघितलं होतं. गाणं झालं, नाच झाला, आणि मग कोंबडीकडे धावायचं सोडून ती सगळी सोंगं आमच्या पायरीसमोर रांगेत बसली, चिखलाचे बूट उपसले, मोजे काढले आणि पाय पुढे केले. कुणी बोटं हलवत होतं, कुणी रडण्याचं सोंग करत होतं. मावशी हसून हसून कोंबडी सोडायच्या बेतात आल्या. मला वाटलं बायको वैतागेल. ती मुकाट्याने खाली बसली आणि एकेकाच्या पायावर पाणी घालू लागली. मी तांब्या भरून आणून देत होतो. तिचा चेहरा मला दिसत होता. आईच्या दारातली पालखी तिला दिसत असणार, असं मला वाटलं.

रांगेत मध्यावर एक सोंग होतं, हिरव्या-पिवळ्या झालरींचं. बाकीचे गोंधळ घालत होते, हे नुसतं बसलं होतं. तिने त्याच्या पायावर पाणी घातलं आणि तिचा हात थांबला. पाय सुजलेले होते, मोज्याचे वळ कातडीत रुतलेले. तिने घोट्यावर अंगठा दाबून उचलला. तिथे खड्डा पडला आणि तो भरलाच नाही. सोंगाने नियमाप्रमाणे मागण्यासाठी तळहात पुढे केला होता. तिने त्या हातावर काही ठेवलं नाही. मनगट धरलं आणि नाडीवर बोटं ठेवून बसली.

मी शेजारीच उभा होतो, म्हणून मला ऐकू आलं.

"गोळ्या कधीपासून बंद केल्या?" तिने हळूच विचारलं.

मुखवट्यामागून बारीक, मुद्दाम चिरकवलेला आवाज आला. "कुठल्या गोळ्या, मॅडम? मी मार्डी ग्रा. मला नाव नाही, गाव नाही, हृदय नाही."

"मार्डी ग्रालाही हृदय असतं. माझ्या बोटाखाली लागतंय. ते नीट चालत नाहीये."

शेजारचं सोंग तिच्या जाकिटाची नाडी ओढत होतं, तिने त्याला चापट मारली. मग तोच चिरका आवाज. "आधीच्या डॉक्टरने पिवळ्या दिल्या. त्याच्या आधीच्याने पांढऱ्या. आताच्या डॉकने गुलाबी. जूनमध्ये नवा येईल, तो निळ्या देईल. प्रत्येकाला वाटतं, आपण आलो तेव्हाच हा म्हातारा जन्मला. म्हटलं, नव्याची वाट बघू. मधे थोडी सुट्टी." आणि मग आवाज चिरका राहिला नाही, साधा म्हाताऱ्या माणसाचा झाला. "तुम्हीही जाणारच की."

तो कोण होता हे मला आजही माहीत नाही. मी विचारलं नाही असं नाही. मी विचारणारच. पण पेशंटचं नाव ती घरात काढत नाही, आणि गावाचा नियमही तोच. माझ्यासारख्या चौकस माणसाला दोन्हीकडून कुलूप. मला दिसलं ते एवढंच, जाळीमागे हलणारी पापणी आणि तिच्या बोटांत अडकलेलं ते जाड मनगट.

"जूनमध्ये नवा कुणी येणार नाही," बायको म्हणाली. "मीच आहे."

इतके महिने मी जे ऐकायला कासावीस झालो होतो ते मला कुणी स्वयंपाकघरात बसवून सांगितलं नाही. ते मी अंगणात, चिखलात, परक्या सोंगाच्या खांद्यावरून ऐकलं. तिने माझ्याकडे बघितलंही नाही. मावशींनी मात्र बघितलं, आणि कोंबडी आणखी घट्ट धरली.

"आणखी तीन वर्षं?" सोंगाने विचारलं.

"तुम्ही आहात तोवर तरी," ती म्हणाली. "म्हणून तर सांगतेय, गोळ्या घ्या."

तिने मान वर करून कॅपितेनला नुसती खूण केली. तो काही न विचारता पुढे आला, त्या सोंगाला काखेत हात घालून उठवलं, वाजवणाऱ्यांच्या ट्रेलरपर्यंत चालवत नेलं आणि फिडलवाल्याशेजारी बसवलं. "हा आज धावणार नाही," त्याने जाहीर केलं. कुणीही का म्हणून विचारलं नाही. बायको ट्रेलरकडे बघून ओरडली, "आणि संध्याकाळचा गंबो नाही! त्यात मीठ असतं. उद्या सकाळी क्लिनिकला!" त्यावर सगळ्या टोळीने कुणी मेल्यासारखा हंबरडा फोडला.

मी तिथेच उभा होतो. रांगेतलं पुढचं सोंग आपला चिखलाचा पाय तिच्यासमोर हलवत होतं. तिने तांब्या उलटा केला, रिकामा होता. डोळे जाकिटाच्या बाहीने पुसले आणि तांब्या माझ्या हातात दिला.

"अरे, बघतोस काय? पाणी आण."